उघडण्यात यावे

हेडक्लार्क सहा वाजून दहा मिनिटांनी उठत. गजर सहाचा असे. मधली दहा मिनिटे पडल्या पडल्या दिवसाचा मसुदा करण्यासाठी राखून ठेवलेली होती. निवृत्त होऊन अकरा वर्षे झाली होती आणि दिवसात मसुदा करण्याजोगे फारसे काही उरले नव्हते, पण म्हणून मसुदा टाळणे त्यांना योग्य वाटत नसे. सव्वासहाला दात, साडेसहाला दाढी, पावणेसातला अंघोळ. न्हाणीघराच्या दारावर त्यांच्याच वळणदार अक्षरातला कागद चिकटवलेला होता : 'वापरानंतर नळ पूर्णपणे बंद करण्यात यावा.' असाच एक कागद स्वयंपाकघरातल्या खिडकीपाशी होता, एक जिन्यातल्या दिव्याच्या बटणाखाली, एक चपलांच्या मांडणीवर. 'आपल्या घरात माणसं तीन आणि परिपत्रकं नऊ,' असे सून म्हणे, आणि हेडक्लार्क मनातल्या मनात मोजून पाहत; नऊच होती. सात वाजता चहा. साडेसातला वर्तमानपत्र, तेही पहिल्या पानापासून क्रमाने, कारण मधूनच पान उलटणाऱ्या माणसाच्या हातून फायलींची काय गत होते ते त्यांनी छत्तीस वर्षे पाहिले होते. आठ चाळीसला मुलगा निघे. विमा कंपनीत एकोणीस वर्षे नोकरी केलेला, बेचाळीस वर्षांचा, थोडा पोक काढून चालणारा मुलगा. तो बूट घाली, बॅग खांद्याला लावी आणि म्हणे, 'येतो, बाबा.' हेडक्लार्क वर्तमानपत्राआडून विचारत, 'छत्री घेण्यात आली आहे का?' 'हो.' मग दार लागल्याचा आवाज येई. त्या दिवशीही तो बरोबर आठ चाळीसला आला.

त्या दिवशी वेगळे घडले ते एवढेच, की सूनबाईने कामावर जाण्यापूर्वी त्यांना कोपऱ्यातल्या संगणकापुढे बसवले. ती दातांच्या डॉक्टरांकडे रुग्णांच्या वेळा ठरवण्याचे काम करी, आणि दिवसभर तोंड उघडायला नाखूश असलेली माणसे पाहून तिचे स्वतःचे तोंड बरेच मोकळे झालेले होते. 'बाबा, माळ्यावरच्या खोक्यात संगणकाच्या जुन्या चकत्या सापडल्या. दुरुस्तीवाल्याकडून उतरवून घेतल्यात. यानं कॉलेजात असताना केलेला खेळ आहे. नाव 'घर'. चित्रंबित्रं काही नाहीत, नुसतं वाचायचं आणि उत्तर लिहायचं. अगदी तुमच्या लायनीतलं काम.'

'खेळ आणि माझ्या लायनीतला?'

'आवक-जावक म्हणा हवं तर,' ती म्हणाली आणि गेली.

पडदा काळा होता. त्यावर हिरवी अक्षरे उमटली. प्रत्येक अक्षर ठिपक्या-ठिपक्यांनी रचलेले, 'क्ष' तर सरळ सरळ कोळ्यासारखा दिसणारा. 'तुम्ही एका खोलीत आहात. उत्तरेला दार आहे. दार बंद आहे.' खाली एक चौकोन लुकलुकत होता. हेडक्लार्कांना हा मजकूर आवडला. वाक्ये छोटी होती, शुद्धलेखन निर्दोष होते आणि परिस्थितीचा अहवाल कोणताही पाल्हाळ न लावता दिलेला होता. त्यांनी एका बोटाने, पण ठामपणे लिहिले : 'उत्तरेकडील दार उघडण्यात यावे.' यंत्राने क्षणाचाही विलंब न लावता उत्तर दिले : 'तुम्ही इथे आलेलेच आहात.' हेडक्लार्कांनी चष्मा पुसला. कदाचित विनंती पुरेशी स्पष्ट झाली नसेल. 'प्रस्तुत खोलीच्या उत्तरेस असलेले दार कृपया तातडीने उघडण्यात यावे.' 'तुम्ही इथे आलेलेच आहात.' 'सदर दाराबाबत योग्य ती कार्यवाही करण्यात यावी.' 'तुम्ही इथे आलेलेच आहात.' कनिष्ठ लिपिकांपैकी एकजण होता, तो असाच काहीही विचारले तरी हसतमुखाने एकच उत्तर देत असे. पुढे त्याची बदली झाली. पण यंत्राची बदली कोण करणार? त्यांनी दातांच्या डॉक्टरांकडे फोन लावला. सूनबाई हलक्या आवाजात बोलली, मागे कुठेतरी कोणीतरी चूळ भरत होते. 'अहो बाबा, ते शेवटचा शब्द बघतं. तुमच्या शेवटी 'यावे' असणार. त्याला वाटतंय तुम्ही 'ये' म्हणताय. नुसतं 'दार उघड' लिहा.'

'दार उघड? असं एकदम?'

'मग काय?'

'ओळख नाही, देख नाही, आणि अरेतुरे करायची?'

'यंत्राला काय बाबा!' ती हसली. 'घाला की हुकूम. कोण बघतंय?'

छत्तीस वर्षांत हेडक्लार्कांनी कोणालाही 'उघड' म्हटले नव्हते. हुकूम पुष्कळ काढले होते, खात्यातले अर्धे हुकूम त्यांच्याच लेखणीतून उतरले होते, म्हणूनच तर सगळे त्यांना मागून 'मसुदेसाहेब' म्हणत. पण त्या हुकमांमध्ये हुकूम देणारा कधी दिसला नाही. रजा नामंजूर करण्यात येई. खुलासा मागवण्यात येई. ताकीद देण्यात येई. जणू खात्याच्या वर कुठेतरी एक हवामान होते आणि त्यातून या गोष्टी पडत. त्या भाषेत एक सभ्यता आहे, असे ते नव्या लिपिकांना समजावून सांगत. तिच्यात कोणी कोणावर ओरडत नाही. त्यांनी आजूबाजूला पाहिले, घसा साफ केला आणि लिहिले, 'दार उघड.' 'दार उघडते,' यंत्र म्हणाले. हेडक्लार्कांच्या पाठीतून एक बारीक शिरशिरी गेली. गुन्हा करताना पहिल्यांदा येत असावी तशी.

पुढे स्वयंपाकघर होते. 'ओट्यापाशी आई उभी आहे.' ते थांबले. पत्नीला जाऊन चार वर्षे झाली होती. तेव्हा, मुलाने हे लिहिले तेव्हा, ती या ओट्यापाशी खरोखरच उभी असणार आणि मुलगा या कोपऱ्यात बसून ते लिहीत असणार. आणि ते स्वतः? ते कुठेतरी वर्तमानपत्राआड. त्यांनी लिहिले, 'आईला विचार.' 'आई म्हणते, बाबांना विचारलंस का?' 'आईला सांग.' 'आई म्हणते, बाबांच्या कानावर घाल आधी.' हे तिचेच वाक्य होते, त्यातल्या 'आधी'सकट. मग कशासाठी ते ठाऊक नसताना त्यांनी लिहिले, 'आईला हाक मार.' 'आई 'ओ' देते.' त्यांनी पुन्हा लिहिले. आई पुन्हा 'ओ' देते. एरवी पाचव्या वेळेला तरी ती 'आता काय?' म्हणाली असती, पण ते मुलाला सुचले नव्हते, किंवा त्याने तिला इतक्या वेळा हाक मारून पाहिली नव्हती. हेडक्लार्कांनी अकरा वेळा मारली. मग ते उठून पाणी प्यायले आणि नळ पूर्णपणे बंद केला.

स्वयंपाकघरातून बाहेरच्या खोलीत जाता येत होते. 'बाहेरच्या खोलीत वडील खुर्चीत बसले आहेत. खुर्चीच्या मागे रस्त्यावर जाण्याचे दार आहे. खुर्ची हलल्याशिवाय दार उघडत नाही.' हेडक्लार्कांनी वळून पाहिले. त्यांची खुर्ची जिथे होती तिथेच होती. वास्तविक ती दाराच्या पुढे नव्हे, दाराच्या बाजूला होती. एखाद्या वीतभर फरकाने. तपशिलात चूक आहे, असे त्यांनी मनात नोंदले. मग कामाला लागले. 'वडिलांना विचार.' 'वडील म्हणतात, लेखी दे.' हे बरोबरच होते. तोंडी मागणीला काही किंमत नसते. 'अर्ज लिही.' 'तुम्ही कोऱ्या कागदावर अर्ज लिहिता.' 'अर्ज दे.' आता काहीतरी मार्गी लागणार, या समाधानाने त्यांनी हात चोळले. पडद्यावर उमटले : 'वडील अर्ज वाचतात. तुम्ही लिहिलेली 'वीनंती' ते ऱ्हस्व करतात आणि अर्ज परत देतात. अर्जात काय होते ते त्यांच्या लक्षात राहत नाही.'

त्यांच्या मनात पहिला विचार आला तो असा, की दुरुस्ती बरोबर होती; विनंतीचा 'वि' पहिलाच. दुसरा विचार यायला वेळ लागला, आणि तो विचार नव्हताच, एक कागद होता. रेघांच्या वहीतून फाडलेला, डाव्या कडेला फाटलेल्या भोकांची झालर असलेला. मुलगा एकोणीस वर्षांचा असेल. त्याने काहीतरी तोंडी विचारायला सुरुवात केली होती आणि हेडक्लार्क म्हणाले होते, 'मुद्देसूद लिहून आण.' त्याने आणले. त्यांना तो कागद स्वच्छ आठवत होता : 'वीनंती' आठवत होती, 'आशिर्वाद' आठवत होता, तिसऱ्या ओळीत नसलेला स्वल्पविराम आठवत होता, आपण परत देताना 'अक्षर सुधारलंय' म्हणालो तेही आठवत होते. कागदात काय होते ते आठवत नव्हते. काही केल्या आठवेना. कुठेतरी जाण्याबद्दल होते का? कोणासंबंधी होते? मुलाने तो पुन्हा आणला नाही आणि पुढे विमा कंपनीत लागला, तेव्हा विषय निकाली निघाला असेच त्यांनी गृहीत धरले होते. आपण हरवू न दिलेल्या कागदांची संख्या आठवून ते नेहमी सुखावत. हा एकच कागद त्यांच्या हातून निसटला होता, आणि त्याची नोंद मुलाने करून ठेवली होती.

नंतर पाऊण तास त्यांनी स्वतःला खुर्चीतून उठवण्याचे प्रयत्न केले. चहा दिला, वडिलांनी चहा घेतला. पेपर काढून घेतला. वडिलांकडे कालचा होता. 'दारावर टकटक कर' लिहिले, तेव्हा 'वडील म्हणतात, कोण आहे ते बघ' असे आले, आणि बघायला दार उघडत नव्हते. खेळ म्हणून पाहिले तर हा अन्याय होता, घर म्हणून पाहिले तर तक्रारीला जागा नव्हती. साडेअकरा वाजता त्यांनी ठरवले की उकल थेट कर्त्याकडूनच मागवावी, आणि मुलाच्या कचेरीत फोन लावला. कामाच्या वेळेत घरगुती फोन करणे त्यांच्या तत्त्वात बसत नव्हते; एकोणीस वर्षांत हा पहिलाच. पलीकडून एक तरुण, घाईतला आवाज आला. हेडक्लार्कांनी मुलाचे पूर्ण नाव आणि विभाग सांगितला.

'ते आता इथं नाहीत, काका.'

'बाहेर गेलेत का?'

'नाही, म्हणजे… महिना झाला. तो विभागच बंद करण्यात आला ना. सात जणांची पदं रद्द करण्यात आली.'

'कोणी केली?' हेडक्लार्क म्हणाले. हा प्रश्न त्यांच्या तोंडून आला याचे त्यांना मागाहून नवल वाटले.

'आता काय सांगू, काका,' आवाज ओशाळला. 'वरून आलं.'

त्यांनी फोन ठेवला. आठ चाळीस. तीस दिवस, रविवार वगळता सव्वीस, आणि सव्वीसही वेळा 'येतो, बाबा', सव्वीसही वेळा 'हो'. मुलाच्या कपाळावर काही दिसले असते का? पण कपाळ कोणी पाहिले होते? पाहिला होता तो अग्रलेख. त्यांना एकाएकी खात्यातला जुना दफ्तरी आठवला, फायलींना दोरे बांधणारा, बोटांना कायम खळीचा वास असलेला. त्याचे पद गेले तेव्हाचे पत्र मसुदेसाहेबांनीच तयार केले होते आणि वरिष्ठांनी त्याची तारीफ केली होती. दफ्तरी पत्र घेऊन त्यांच्या टेबलाशी आला होता. 'साहेब, हे कोणी केलं?' 'पद रद्द करण्यात आलेलं आहे,' ते म्हणाले होते. 'ते वाचलं मी. पण कोणी?' या माणसाला साधे वाक्य कळत नाही, असे वाटून त्यांनी ते पुन्हा, सावकाश उच्चारले होते. दफ्तरी त्या दिवशी कचेरी सुटेपर्यंत बाकावर बसून होता. कर्ता शोधत असावा. त्या वाक्यात तो नव्हताच; फार काळजी घेऊन तो काढून टाकलेला होता.

सूनबाई दीड वाजता आली ती चप्पल काढता काढता विचारत, 'काय बाबा, कुठवर पोचलात?'

'तो दिवसभर कुठे असतो?' हेडक्लार्क म्हणाले.

तिने आधी संगणकाकडे पाहिले, मग त्यांच्याकडे, आणि मग एक चप्पल हातात घेऊन तशीच खाली बसली. 'वाचनालयात. चौकापलीकडच्या. तिथं अर्ज लिहीत बसतो.'

'मला का सांगितलं नाही?'

'दोनदा आला होता सांगायला. पहिल्यांदा तुम्ही म्हणालात, चपला मांडणीवर ठेवण्यात याव्यात. तो ठेवायला गेला, आणि परत येईस्तोवर त्याचा धीर गेला.'

'आणि दुसऱ्यांदा?'

'दुसऱ्यांदा तुम्ही काहीच म्हणाला नाहीत. शब्दकोडं सोडवत होतात. तो अर्धा तास तुमच्या बाजूला उभा होता. तुम्ही त्याला विचारलंत, तीन अक्षरी शब्द, अर्थ 'भरवसा'. त्यानं सांगितला आणि गेला.'

हेडक्लार्कांना तो शब्द बसला होता हे आठवले.

'तू हा खेळ मुद्दाम काढलास,' ते म्हणाले.

'हो,' सूनबाई म्हणाली. 'लेखी द्यावं म्हटलं.' आणि लगेच तिचे डोळे भरून आले, म्हणून ती दुसरी चप्पल काढू लागली.

ते तीन वाजता बाहेर पडले. वाचनालय पंधरा मिनिटांच्या अंतरावर होते आणि तेवढ्यात त्यांनी चार मसुदे केले. 'आपली सेवा संपुष्टात आल्याचे समजते.' हा पहिल्याच दिव्याच्या खांबापाशी फाडला. 'सदर बाब माझ्यापासून लपवून ठेवण्यात आली' यात खुलासा मागवल्याचा सूर येत होता. 'काळजी करण्यात येऊ नये' हा त्यातल्या त्यात प्रेमळ होता, पण काळजी कोणी करायची नाही आणि तसे कोण म्हणते आहे, ते त्यातही स्पष्ट होत नव्हते. चौथा मसुदा 'मी' या शब्दाने सुरू झाला आणि तिथेच थांबला. इतक्या उघड्यावर पुढे कसे जायचे हे त्यांना माहीत नव्हते. एका चपला शिवणाऱ्याच्या दुकानापुढे ते उभे राहिले. आत एक बाई हातातला जोडा नाचवत 'अहो, शिवा की लवकर!' म्हणत होती, आणि तो शिवत होता. दोघांपैकी कोणालाही अपमान झाल्यासारखे दिसत नव्हते. चौक ओलांडताना त्यांनी निर्णय घेतला. नोकरीबद्दल एक अक्षर विचारायचे नाही. ते मुलाने सांगायचे तेव्हा सांगावे. विचारायचे ते दुसरेच, तेवीस वर्षे राहिलेले. आणि विचारल्यावर मध्ये बोलायचे नाही.

वाचनालयाच्या लांब टेबलाच्या टोकाला मुलगा पाठमोरा बसला होता. त्याच्या डोक्यावर मागच्या बाजूला रुपयाएवढे टक्कल पडले होते. हेडक्लार्क ते बराच वेळ पाहत राहिले. घरात एक नवी वस्तू येऊन महिनोन्‌महिने झाले असावेत आणि ती आज दिसावी, तसे. मग शेजारची खुर्ची त्यांनी हळूच ओढली. मुलाने वर पाहिले. त्याचा चेहरा लिफाफ्यासारखा बंद झाला.

'बाबा! मी… आज जरा बाहेरचं काम होतं म्हणून—'

'मी अडकलोय,' हेडक्लार्क म्हणाले.

'कशात?'

'तुझ्या खेळात. सूनबाईनं काढून दिला.'

'घर?' मुलगा पुटपुटला. 'चालतो अजून तो?' आणि क्षणभर त्याच्या तोंडावर एकोणीस वर्षांचा कोणीतरी येऊन गेला. 'कुठे अडकलात?'

'खुर्चीतल्या माणसापाशी.'

मुलाने समोरचा कागद उगाच सरळ केला. 'तिथून पुढं नाहीये काही. मला सुचलंच नाही, तो कसा उठेल ते. मग सोडून दिला.'

'मी सगळं करून पाहिलं. शेवटी एकदा 'वडिलांना ढकल' असंही लिहिलं.'

'काय आलं?'

'हिंमत होत नाही.'

मुलाच्या नाकातून हसू फुटले आणि ते आवरता आवरता त्याला ठसका लागला. पलीकडच्या टेबलावरच्या म्हाताऱ्याने 'शूऽ' केले. हेडक्लार्कांनी आयुष्यात प्रथमच स्वतःकडे रोखलेले 'शूऽ' ऐकले आणि मान खाली घातली. त्यांच्या खांद्यांनाही काहीतरी होत होते. ते शांत झाल्यावर मुलगा म्हणाला, 'तुम्हाला कळलंय, बाबा. हो ना?'

'मी तुझ्या ऑफिसात फोन केला होता. सूनबाईला बोलू नकोस. मीच केला.'

मुलाने पेन खाली ठेवले. त्याच्यापुढच्या कागदावर अर्ज होता. त्यात 'माझे पद रद्द करण्यात आल्यामुळे' असे वाक्य होते आणि ते अतिशय सुबक उतरले होते. हेडक्लार्कांनी ते वाचले. मग मुलाचे पेन उचलून त्यांनी कागदाच्या कोपऱ्यात, बारीक अक्षरात लिहिले : 'त्यांनी मला काढले.'

'असं लिहीत नाहीत अर्जात,' मुलगा हळूच म्हणाला.

'माहीत आहे. छत्तीस वर्षं मीच कोणाला लिहू दिलं नाही. हे पाठवू नकोस. नुसतं वाच.'

मुलाने वाचले. बराच वेळ लागला, तीन शब्दांच्या मानाने.

'एक विचारू?' हेडक्लार्क म्हणाले. 'कॉलेजात असताना तू एक अर्ज दिला होतास मला. वहीच्या कागदावर. त्यात काय होतं?'

'जाऊ द्या ना, बाबा. कधीची गोष्ट.'

'मला त्यातल्या चुका आठवतात. बाकी काही आठवत नाही. मी तो वाचला नव्हता.' ते थांबले, आणि मग जमेल तितक्या साधेपणाने म्हणाले, 'तू सांग.'

म्हाताऱ्याने पुन्हा 'शूऽ' केले. दोघे उठून बाहेर आले. वाचनालयाच्या पायऱ्यांवर ऊन होते. हेडक्लार्क दुसऱ्या पायरीवर बसले, मुलगा त्यांच्या बाजूला, बॅग गुडघ्यांवर घेऊन. रस्त्यावरून एक रिकामी बस गेली. मुलाने सुरुवात केली, अडला, मागे जाऊन पुन्हा सुरुवात केली. पहिल्याच वाक्यात त्याने दोन चुका केल्या, एक लिंगाची आणि एक काळाची. हेडक्लार्कांना त्या दोन्ही ऐकू आल्या. ते पुढचे ऐकत राहिले.